मध्यकाचा संदर्भ

सेलूच्या कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकवते. संध्याकाळी स्वयंपाक उरकला की इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात लेख लिहीत बसते. तिथं पगार कुणालाच नाही, हौस मात्र सगळ्यांना.

गेल्या वर्षी ‘मध्यक’ या लेखात मी लिहिलं, की आकडे चढत्या क्रमानं मांडावेत आणि त्यांची संख्या सम असेल, म्हणजे चार किंवा सहा, तर मधल्या दोन आकड्यांची सरासरी घ्यावी. दुसऱ्या दिवशी एका संपादकानं त्या वाक्यापुढं ‘संदर्भ हवा’ अशी खूण लावली होती. मी चर्चापानावर लिहिलं, “हे मी कितीतरी वर्षं शिकवते आहे.”

उत्तर आलं, “आपल्यावर विश्वास आहे. पण वाचणारा आपल्याला ओळखत नाही. पुस्तक द्या.”

राग आला, तरी ग्रंथालयातून एक जुनं पाठ्यपुस्तक काढलं. त्यात नेमकी छपाईची चूक. मधल्या दोन संख्यांची बेरीज म्हणजे मध्यक, एवढंच होतं. ‘भागिले दोन’ गळालेलं. तेही मी कळवलं.

“मग हे पुस्तक चालणार नाही. आणि संदर्भाशिवाय वाक्यही ठेवता येणार नाही.”

माझा तोल सुटला. घरी बोलतो तसंच टाईप केलं, “तुमी लय ताणायलात. दोन आणि चारचा मध्यक सहा कसा येईल?”

उत्तर आलं, “ताई, तुमी आमच्याकडच्या दिसता. मी गंगाखेडचा. दुसरं पुस्तक दोघं मिळून शोधू.”

साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतून ते निवृत्त झाले होते. पुढं एका रविवारी ते पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला येणार होते, तेव्हा मीही नवऱ्याला घेऊन गेले. देवळाबाहेरच्या हॉटेलात त्यांनी पिशवीतून दोन पुस्तकं काढली. दोन्हींत नियम बरोबर होता.

“म्हणजे तुमाला आधीपासून ठाऊक होतं,” मी म्हटलं.

“होतं की. पण उसाच्या रसाचा एकच नमुना आमी दोघं जण एकामागून एक तपासायचो. पहिल्यावर अविश्वास म्हणून नव्हे.”

मला हसू आलं. नवऱ्यानं चहा सांगितला. मी मोबाईलवर पान क्रमांकासह संदर्भ घातला, त्यांनी तिथंच खूण काढली.

सध्या ‘प्रमाण विचलन’ या लेखावरून आमची जुंपलीय. रोज संध्याकाळी भाजी फोडणीला टाकतानाच मी त्यांना काय उत्तर द्यायचं ते ठरवत असते.