धाकटीची कॅप

डॉक्टरांपासून लॅबच्या मालकापर्यंत सगळे तिला नुसतं ‘ताई’ म्हणत. दातांवर बसवायच्या सिरॅमिकच्या कॅप बनवणं हे तिचं काम. माणसांशी संबंध यायचा तो त्यांच्या जबड्याच्या प्लास्टरच्या साच्यांपुरता. “सगळ्या गावाची बत्तीशी मला पाठ आहे,” असं ती हसून म्हणायची; पण त्या गावातलं कुणी तिच्या दाराशी फिरकायचं नाही. आई गेल्यापासून घरात ती एकटीच. दिवसभरात जे काही बोलायची, ते बहुतेक कॅप भाजायच्या भट्टीशी.

तशी एक धाकटी बहीण होती. आईच्या शेवटच्या आजारात ती उशिरा पोचली, आणि ताई चारचौघांत बोलून गेली, “आता काय बघायला आलीस?” धाकटीनं पिशवी उचलली. परत गेली ती गेलीच. आधी फोन कुणी करायचा, यावरच वर्षं सरली.

एका सकाळी नेहमीच्या डॉक्टरांकडून नवा साचा आला. चिठ्ठीवर नाव नसतं, नुसता नंबर. ताईनं साचा उजेडात धरला आणि तिचा हात थबकला. पुढचे दोन दात एकमेकांवर किंचित चढलेले, डावा सुळा उंच, टाळूवर मधोमध उंचवटा. हे काम शिकताना तिनं पहिलं माप घेतलं होतं ते धाकटीचंच. तोंडात मापाचा लगदा असताना धाकटीला हसू फुटलं होतं आणि सगळा लगदा ताईच्या अंगावर उडाला होता.

सुळ्यामागच्या दाढेची कॅप हवी होती. ताई कामाला बसली, पण चित्त थाऱ्यावर नव्हतं. धातूच्या टोपीवर पोर्सेलिनचा थर एकीकडे जाड बसला. भाजून झाल्यावर तिनं कॅप घाईनं पंख्याखालीच बाहेर काढली. बघता बघता हिरडीकडच्या कडेला केसाएवढी चीर उमटली.

“काय ताई, आज भट्टी रुसली?” मालकांनी विचारलं.

“भट्टीचं काही नाही. माझंच चुकलं.”

तिनं सगळं नव्यानं मांडलं. थर सारखा लावला, त्यातलं पाणी कागदानं टिपून घेतलं. थर ओला राहिला तर आतल्या पाण्याची वाफ होते आणि ती थर फोडून बाहेर पडते. म्हणून कॅप आधी भट्टीच्या तोंडाशी नीट वाळू दिली, मगच आत सोडली. भाजून झाल्यावर पंखा बंद केला आणि भट्टी सावकाश निवू दिली. एकदम गार वारा लागला की धातू आणि पोर्सेलिन एका चालीनं आकसत नाहीत. उकाड्यात घामाघूम होऊन ती समोर बसून राहिली. कॅप अखंड निघाली.

मग डॉक्टरांचा फोन आला. “रंग एकदा स्वतः बघून जा. बाई फार चोखंदळ आहेत.”

‘लहानपणापासूनच,’ असं ताईच्या अगदी ओठांवर आलं होतं.

दवाखान्यात धाकटी खुर्चीत आडवी होती, तोंडात कापूस. ताईला पाहून तिचे डोळे मोठे झाले. तोंड उघडं असून तिला बोलता येईना, आणि इकडे ताईची दातखीळ बसलेली. डॉक्टर एकटेच रंगाबद्दल बोलत राहिले.

कॅप बसली. चूळ भरून धाकटीनं आरसा हातात घेतला.

“तू केलीस?”

“हो.”

“कळतसुद्धा नाही गं.”

“आज त्या बाजूनं काही चावू नकोस.”

“बरं.” धाकटी दाराशी घुटमळली. “केस किती पांढरे झालेत तुझे!”

‘घरी चल’ म्हणायला ताईनं तोंड उघडलं, तेवढ्यात डॉक्टरांनी पुढचा साचा तिच्या हातात ठेवला. ती वळेपर्यंत धाकटी जिना उतरून गेली होती.

पुढे एकदा धाकटीचा फोन आला. “ताई, बदाम चावला तर चालेल का?”

“चालेल.”

नंतर पुन्हा आला. फार गरम चहा चालतो का? ब्रश कसा फिरवायचा? त्या कॅपबद्दल विचारण्यासारखं खरं तर काही उरलेलं नाही. तरी ताई दरवेळी पहिल्यापासून सगळं सांगते, सावकाश. आईचा विषय अजून कुणीच काढलेला नाही. फोन ठेवला की ती एकटीपुरतं ताट वाढून घेते.