पाणी आलं की सगळं लावणारा खेळाडू

नहरीच्या, म्हणजे कालव्याच्या, गेटाजवळची ती सकाळ अजून माझ्या मनातून गेलेली नाही. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी येण्याआधीची ही गोष्ट. तेव्हा मी इटियाडोह धरणाच्या नहरीवरच्या एका पोलीस स्टेशनला ठाणेदार होतो. उन्हाळी धानाला पाणी सुटलं होतं. गेटला मढं अडकल्याचा निरोप आला, म्हणून मी हवालदाराला घेऊन निघालो.

प्रेत पुरुषाचं होतं आणि बरेच दिवस पाण्यात राहिल्याने चेहरा ओळखण्यापलीकडे गेला होता. अंगावर निळ्या चौकड्यांचा सदरा होता. आठवडी बाजारात ढिगाने विकला जातो, तसा. पंचनामा केला, अकस्मात मृत्यूचा मर्ग दाखल केला आणि प्रेत पोस्टमॉर्टेमला पाठवलं. आमच्याकडे हरवल्याची एकच नोंद ताजी होती. वरच्या अंगाच्या एका गावातला धान उत्पादक, तिशीतला, पंधरवड्यापासून घरी नव्हता. त्याने बायकोची मंगळसूत्राची पोत सोनाराकडे ठेवून ते पैसे मोबाईलवरच्या पत्त्यांत घालवले होते. बायकोला ते कळलं त्या दिवशी तो घरातून निघाला. नहरीच्या पुलावर त्याची सायकल आणि बंद पडलेला फोन मिळाला होता.

त्याचा मोठा भाऊ आणि बायको दोघंही दवाखान्यात आली. भावाने चादर नीट उचलूही दिली नाही.

"माह्या भाऊच आहे, साहेब. सदरा त्याचाच. लिहून घ्या."

बायको मागे उभी होती. गळ्यात पोत नव्हती. तिच्या जागी पिवळ्या दोऱ्यात बांधलेलं हळकुंड होतं. मी तिला पुढे बोलावून प्रेत दाखवलं. तिने पदर तोंडाला लावला आणि खूप वेळ पाहिलं.

"ते नसतीन, साहेब."

"कशावरून?"

"सांगता येत नाही. पन हा दोरा तोडाले हात नाही होऊन राहिला."

कायद्याच्या भाषेत याला काही किंमत नाही. सख्ख्या भावाने ओळख पटवली होती, सायकल पुलावर सापडली होती, सगळं जुळत होतं. डीएनएचा नमुना पाठवायचा तर अहवाल कधी येईल ते देव जाणे, आणि तालुक्याच्या शवागारात प्रेत किती ठेवणार? मी भावाच्या ताब्यात ते दिलं असतं तर मला कोणी जाब विचारला नसता. संध्याकाळपर्यंत ती बाई विधवा झाली असती. ती नजर मात्र मला सही करू देईना. भावाला म्हटलं, कागद अपुरे आहेत, उद्या या. तो चिडला. गावची माणसं लाकडं घेऊन बसली आहेत म्हणाला.

दुपारी गोंदियाहून एक फोन आला. बोलणारा घाबरलेला होता.

"साहब, व्हाट्सअप पे जिसकी मौत की खबर चल रही है ना, वो तो अभी मेरे साथ ऑनलाइन टेबल पे खेल रहा था."

मला वाटलं कोणी थट्टा करतंय. दोन शिव्या हासडणार होतो, पण त्या आवाजात थट्टा नव्हती. त्याला बोलावून घेतलं. गोंदियात औषधाचं दुकान चालवणारा चाळिशीचा माणूस, इस्त्रीचे कपडे, हात सारखे पुसत होता. याच्याच दुकानात औषध घ्यायला येता येता आमचा हरवलेला माणूस पोकर हा पैसे लावून खेळायचा पत्त्यांचा खेळ शिकला होता. जुगाराचं लफडं आपल्यावर येईल या भीतीने हा आजवर गप्प बसला होता.

जबाब घेताना मी आधी त्याच्यावरच संशय धरला. मेलेल्या माणसाच्या नावाने हाच खेळत नसेल कशावरून?

"साहब, आयडी कोई भी चला सकता है. पर खेल किसी का चुराया नहीं जाता. ऐसा पागल वो एक ही है."

मग मी त्याच्याकडून तो खेळ समजून घेतला. दुसऱ्याचे पत्ते दिसत नाहीत, आणि समोरचा किती लावतो त्यावरून अंदाज बांधायचा. हा दुकानदार सावध गडी. थोडेच डाव खेळायचा, पत्ते चांगले नसले की टाकून द्यायचा. बेफाम माणसासमोर कसं खेळायचं, तेही त्याने मला शिकवलं. अशाला ब्लफ, म्हणजे खोटा दम, द्यायचा नाही, कारण तो भीत नाही आणि पत्तेही टाकत नाही. त्याच्याशी चढाओढ करायची नाही. आपण थांबायचं आणि तो वाढवत असेल तर वाढवू द्यायचं. खरे पत्ते हातात आले की तो आपणच येऊन आपटतो.

"मग यालाही तसंच लुटत असशील?"

"यही तो मुश्किल है. अच्छा-भला खेलता है, धीरज से. फिर एकदम से, पत्ते कैसे भी हों, सब झोंक देता है और गायब. कोई हिसाब ही नहीं."

हिसाब नाही, हे मला पटेना. माझ्या नोकरीत मी दारुडे पाहिले, चोर पाहिले, रागाच्या भरात कुऱ्हाड घालणारे पाहिले. प्रत्येकाचं काहीतरी ठरलेलं असतं. शेवटचं असं कधी झालं, ते मी विचारलं.

"परसों दोपहर. खाना खाके बैठा ही था मैं."

"आणि घरी होता तेव्हा?"

"तब सुबह-सुबह करता था. कुछ दिन लगातार, फिर कुछ दिन नहीं."

कुछ दिन लगातार, फिर कुछ दिन नहीं. मी धान उत्पादकाच्या घरात वाढलेला माणूस. आमच्याकडे असं एकच काम असतं. नहरीचं पाणी सगळीकडे एकदम सुटत नाही. आज या गावाला, उद्या त्या, शेवटी टोकाच्या गावांना. आपली वेळ आली की हातातला घास ठेवून धानाच्या बांधीकडे पळायचं, नाही तर पाणी दुसऱ्याच्या शेतात जातं. मी हरवलेल्याच्या बायकोला फोन लावून पाणी आल्यावर तो काय करायचा, ते विचारलं.

"पानी आलं का फोन खिशात कोंबून धावत, साहेब. जेवन बी सोडून देत. काऊन?"

का, ते न सांगता मी फोन ठेवला. खोटी आशा दाखवण्याइतकं वाईट काम नाही. पाणी आलं की तो सगळं लावून उठतो, तर परवा दुपारी पाणी आलं तिथेच तो असणार. पाटबंधारेच्या शाखेत विचारलं, परवा दुपारी पाणी कुठे सोडलं होतं? उत्तर आलं, नहरीच्या अगदी टोकाच्या फाट्यावर. तिथे उद्या सकाळी पुन्हा सोडणार होते. खेळाच्या कंपनीला सायबर सेलमार्फत पत्र गेलं होतं, पण त्याचं उत्तर यायला आठवडे लागले असते. मी दुकानदाराला म्हणालो, उद्या सकाळी टेबलवर बसायचं आणि तो आला की त्याला उठू द्यायचं नाही.

तो पहिल्यांदा थोडा हसला. "समझ गया. हराना नहीं है, बिठाना है."

सकाळी मी आणि हवालदार साध्या कपड्यांत त्या फाट्यावर जाऊन बसलो. खाली हिरव्या बांध्या पसरल्या होत्या आणि धुऱ्याधुऱ्यावर, बांधाबांधावर, माणसं पाण्याची वाट पाहत होती. इतक्या लांबून चेहरे ओळखू येत नव्हते. दुकानदाराने कळवलं की तो टेबलवर आला आहे. मग दुकानदार लहान-लहान डाव मुद्दाम सोडत गेला, त्याला थोडं थोडं जिंकू देत राहिला. चौकीदाराने गेटची चावी फिरवली. पाणी चरातून खाली निघालं.

फोन वाजला. "साहब! झोंक दिया, सब झोंक दिया अभी!"

खाली आंब्याच्या सावलीत बसलेला एक माणूस उठला, फोन खिशात टाकला, पावडा उचलला आणि धुऱ्यावरून पळत सुटला.

आम्ही गाठलं तेव्हा तो गुडघाभर चिखलात उभा राहून मातीने बांधीचं खालचं तोंड बंद करत होता. आम्हाला पाहून पळाला नाही. "एवढं पानी घेऊन घेऊ द्या, साहेब," म्हणाला. मी घेऊ दिलं. नंतर त्याने सांगितलं, पुलावर सायकल ठेवली ती मरायच्याच विचाराने, पण उडी मारवली नाही. चालत टोकापर्यंत आला आणि ओळख न सांगता एका शेतमालकाकडे पाण्याच्या राखणीला राहिला. मालकाच्या जुन्या फोनवर आपल्याच आयडीने खेळत होता.

"घरच्यायले मेल्यागत करून खेळत कायले होता?" मी त्याच्याच बोलीत विचारलं.

"सुटत नाही, साहेब." तो मान खाली घालून रडला.

"आणि पाणी आलं की सगळं लावायचं कशाला?"

"पानी आल्यावर बसून इचार कोन करन? थोडं लावलं तर परत परत बटन दाबा लागते. सगळं लावलं का आपलं काम संपलं. पावडा घेऊन निंगाचं. पानी कोनासाठी थांबते का?"

दुकानदाराला ज्यात काही हिसाब दिसत नव्हता, त्याचा हिसाब एवढाच होता. नंतर दुकानदारानेच मला सांगितलं, "उस आखरी डाव में मेरे पत्ते बहुत अच्छे थे साहब. मैंने फेंक दिए."

भावाला मी खोलीत घेऊन दार लावलं. जमिनीच्या वाट्यासाठी त्याने खोटी ओळख दिली, अशी माझी खात्री होती. तासभर तो तेच तेच बोलला. शेवटी मी त्याला सांगितलं की तुझा भाऊ बाहेर बाकावर बसला आहे. तो भिंतीला टेकला आणि घसरत खाली बसला.

"मी ओळखलो नाही, साहेब. त्या मढ्याले कोन ओळखन? गावात रोज विचारत, भाऊ कोठी गेला? बायकोची पोत पत्त्यात घालून पळाला, असं कोन्या तोंडानं सांगू? मेला मनलं का लोकं गप होतात."

मी त्याच्यावर हात उचलणार होतो, तो तसाच राहिला. गावाच्या लाजेपायी माणूस सख्ख्या भावाला चितेवर ठेवायला तयार होतो, हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

बायको आली. नवऱ्यासमोर उभी राहिली. तो पाय धरायला वाकला तर ती मागे सरकली. ती ओरडेल, रडेल, असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं. तिने माझ्याकडे पाहिलं.

"मंग तो कोन, साहेब?"

ती त्या मढ्याबद्दल विचारत होती. खरं सांगायचं तर तिचा नवरा सापडल्यापासून त्या प्रेताचा मला विसरच पडला होता. आसपासच्या सगळ्या ठाण्यांना बिनतारी संदेश गेले, फोटो गेले, वर्तमानपत्रात बातमी दिली. कोणी आलं नाही. मुदत संपली आणि बेवारस म्हणून आम्हीच अंत्यविधी करायचं ठरलं. तिला कोणी कळवलं ठाऊक नाही, पण ती घाटावर हजर होती. सोबत नवरा होता.

"अग्नी तुमी द्या," ती त्याला म्हणाली.

"मी कायले?"

"तुमच्या नावानं पडून होता तो. तुमची लाकडं त्यालेच लागतीन आता."

त्याने अग्नी दिला. पुढे त्याने खेळ सोडला की नाही, मी विचारलं नाही. दोन-तीन वर्षांनी सौंदडच्या बाजारात ती बाई दिसली. गळ्यात अजून हळकुंडच होतं, पण दोरा नवा होता.

माणूस कितीही बेफाम असो, त्याच्यात एक जागा अशी असते जिथे तो घड्याळाच्या काट्यावर चालतो. ती जागा ठाऊक असेल तर तो सापडतो, आणि ती ठाऊक असायला त्याच्यासमोर बसून त्याला पाहिलेलं कोणीतरी लागतं. एका जुगाऱ्याला तसं पाहणारे दोघे होते, बायको आणि दुकानदार, म्हणून तो वाचला. त्या बेवारस मढ्याबद्दल मला एवढंही सांगणारं कोणी आलं नाही. निवृत्तीच्या दिवशी चार्ज देताना मी नव्या ठाणेदाराला मुद्देमालाच्या खोलीत नेलं आणि निळ्या चौकड्यांचा तो सदरा दाखवला. म्हटलं, हा फेकू नका, याचं कोणी आलं तर द्यायचा आहे.