नव्या बंडीचं ठिगळ

मी बीडला एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. भुतंखेतं, शकुन, नजर... असल्या गोष्टींना आमच्या घरात सगळ्यात जास्त हसणारी मीच. त्यामुळे हे लिहिताना जरा लाज वाटतेय, पण लिहिते.

अण्णा, म्हणजे माझे वडील, नेकनूरचे. त्यांच्या बंड्या आयुष्यभर सलीमचाचांनी शिवल्या. लहानपणी मी त्या दुकानात चिंध्या वेचत बसायचे. मशीनच्या तेलाचा तो वास अजून आठवतो, आणि आठवला की बरं वाटतं. चाचा अण्णांचं माप कधी घेत नसत. "तुमचं अंग हाताला पाठ हाय," म्हणायचे.

त्यांनी दिलेल्या शेवटच्या बंडीला आतून, बेंबीच्या उजवीकडे, दोन बोटांचं ठिगळ होतं. कोऱ्या बंडीला! अण्णा म्हणाले, "सल्या, हे कशापायी रं?"

चाचा नुसते हसले. "राहू द्या अण्णा. लागंल."

त्याच हिवाळ्यात चाचा गेले. पुढच्या वर्षी अण्णांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, पोटावर चार-पाच लहान छिद्रं. नंतर दर तीन महिन्यांनी रक्त मीच काढायचे. पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या कॅन्सरचा रक्तातला आकडा, जवळजवळ शून्य... आणि रिपोर्टवर माझा देवापेक्षा जास्त विश्वास.

दीड वर्षाने अण्णा कुरकुरायला लागले, "ठिगळाखाली टोचतंय गं."

"शिवण टोचत असेल. दुसरी बंडी घाला."

"न्हाई. सल्याचा हात हाय त्यावर."

महिनाभर मी हेच उत्तर देत राहिले, ते मला जन्मभर खाणार आहे. शेवटी एका दुपारी वैतागून कात्री घेतली, ठिगळ उसवायला अण्णांच्या अंगातल्या बंडीत हात घातला — आणि बोटाला हरभऱ्याएवढी टणक गाठ लागली. ऑपरेशनची नळी गेली होती, त्याच व्रणात.

तोच कॅन्सर होता. डॉक्टर म्हणाले, नळीच्या जागी पसरणं फार क्वचित, वेळेत आलात. गाठ काढली, रेडिएशनचे शेक झाले, आता दर तीन महिन्यांनी हार्मोनचं इंजेक्शन असतं. अण्णा पुन्हा शेतात जातात.

ठिगळ घासलं म्हणून गाठ कळली, इथपर्यंत मला समजतं. पण ऑपरेशनच्या आधीच ते नेमकं तिथे कसं आलं? मला खरंच माहीत नाही.

परवा चाचींनी दुकान आवरताना सापडलेली, अण्णांच्या नावाची चिठ्ठी टाचलेली आणखी एक बंडी पाठवली. चाचांनीच शिवून ठेवलेली. अण्णांना द्यायच्या आधी मी दार लावून घेतलं, बंडी उलटी केली आणि एकेक शिवण चाचपली.

ठिगळ कुठेच नव्हतं. मग तिथेच बसून मी खूप रडले.