नाझरकाकांचा सहा-चार

नाझरकाका टेनिस हरण्यात तरबेज होते. पुसदच्या क्लबात ते अकरा तहसीलदारांशी खेळले आणि अकराही जणांकडून हरले. प्रत्येक वेळी सहा-चार. मधल्या काळात राज्य बदललं, जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला, कचेरीच्या कागदांचे मथळे बदलले. सहा-चार बदलला नाही.

ते तहसील कचेरीत नाझर होते. कचेरीचं सामानसुमान, किल्ल्या आणि साहेबांच्या दौऱ्याचा तंबू त्यांच्या ताब्यात असे. क्लबाचं नेटही त्यांच्याच खोलीत राही. साहेबांना संध्याकाळी खेळायला कोणीतरी लागे, आणि नेट बांधायला आलेला माणूस समोर उभाच असे. अशा रीतीनं ते टेनिसमध्ये आले. पायजम्याचे पाय मोज्यांत खोचलेले, डोक्यावर काळी टोपी, हातात एका गोऱ्या साहेबानं जाताना सोडून दिलेली रॅकेट. खेळताना ती टोपी कधी पडली नाही. त्यावरून ते किती पळत याचा अंदाज यावा.

हरण्यामागं त्यांचा विचार होता. "सहा-शून्य हरलो तं साहेबाले वाटते, गड्याले खेळताच येत नाही. सात-पाच केलं तं साहेबाले दम लागते. सहा-चारात साहेबाची इज्जत राह्यते अन् त्याले भूकही लागते." त्यासाठी चेंडू साहेबांच्या रॅकेटवर नेऊन ठेवावा लागे. साहेब जाडे असोत, नवखे असोत, चष्मा घरी विसरलेले असोत, त्यांना पाऊल उचलावं लागू नये, हा नियम. पंधरा वर्षांच्या सवयीनं काकांचा चेंडू कोर्टावर हव्या त्या वीतभर जागेत पडू लागला होता. ते म्हणत, "हरणं कसबाचं काम आहे. ज्याले जिंकता येत नाही तो हरत नाही, नुसता मार खाते."

आमच्या हायस्कूलच्या हेडमास्तरांनी क्लबाकडे कोर्ट मागितलं, तेव्हा क्लबानं चार ते पाच हा साहेब येण्याआधीचा तास दिला, केस गेलेले सहा चेंडू दिले आणि शिकवायला नाझरकाका दिले. आम्ही चार मुलं होतो. त्यातला रामधन तांड्यावरून दोन कोस चालत येई आणि अनवाणी खेळे. काका चेंडू आमच्या रॅकेटवर ठेवीत, आम्ही त्यांच्या रॅकेटवर परत ठेवत असू. एकेक चेंडू शंभर-दीडशे वेळा नेटवरून जाई-येई. बघायला आलेली माणसं कंटाळून निघून जात.

त्या वर्षी जिल्ह्याच्या ढालीसाठी गावोगावचे संघ खेळणार होते. एका सामन्यात दोन एकेरी लढती विद्यार्थ्यांच्या, आणि एक दुहेरी, क्लबात खेळणारा एक मोठा माणूस आणि एक विद्यार्थी अशी. आमचा पहिला सामना दारव्ह्याला झाला. रामधन पहिला सेट सहा-शून्य हरला. त्यानं एकही चेंडू बाहेर मारला नव्हता. सगळे समोरच्याच्या रॅकेटवर दिले होते. पुसदची पोरं फार सभ्य दिसतात, असं दारव्ह्याचे लोक आपसांत बोलले.

"काहून रे," काकांनी विचारलं, "त्याच्या हातातच काहून देऊन राह्यला?"

"तुम्हीच तं शिकवलं, काका."

काकांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. मग म्हणाले, "हो. पण तो पोट्टा काही साहेब नाही. मी जिथं मारायले शिकवलं तेवढी जागा सोड. बाकीचं कोर्ट रिकामंच आहे."

रामधन पुढचे दोन्ही सेट जिंकला. त्यानंतर आम्ही उमरखेड जिंकलो, वणी जिंकलो. पुसदला टेनिसचे जाणकार निपजू लागले. दोन वकिलांनी रॅकेटी आणल्या. एका जिनिंगवाल्यानं कोर्टावर रोलर फिरवायला आपली माणसं पाठवली आणि स्वतः खुर्ची टाकून बसला. ज्यांना गुण मोजता येत नव्हते ते टाळ्या मोजत.

अंतिम सामना यवतमाळला होता. तोवर दुहेरीत माझ्या जोडीला आमचे तहसीलदार खेळत. आदल्या दिवशी त्यांचा पाय मुरगळला आणि काकांचं नाव लागलं. यवतमाळकडून तिथले डेप्युटी कलेक्टर साहेब खेळणार होते. काकांची अव्वल कारकुनाची बढती तीन वर्षं अडली होती, आणि ती फाइल याच डेप्युटी साहेबांच्या टेबलावर होती. हे मला वाटेत बोरी अरबला कळलं. बस थांबली होती आणि काकांच्या हातातला चहा निवत होता.

"मले रिटायर व्हायच्या आधी एकडाव अव्वल कारकून व्हायचं आहे," ते म्हणाले. "तू जिंक. मी तुह्या आड येत नाही."

एकेरीतली एक लढत रामधननं जिंकली, दुसरी आम्ही हरलो. ढाल दुहेरीवर आली, आणि दुहेरी एकाच सेटची होती. काकांनी शब्द पाळला. प्रत्येक चेंडूला ते "तू घे" म्हणत आणि बाजूला होत. मी अख्खं कोर्ट पळत होतो. आम्ही पाच-चार पुढे होतो आणि एकच गुण हवा होता, तेव्हा मी रेषेबाहेर घसरून पडलो. चेंडू उंच उडाला आणि काकांच्या पुढ्यात आला. तो घ्यायला दुसरं कोणी नव्हतं.

डेप्युटी साहेबांनी सकाळपासून पुसदचा खेळ पाहिला होता. चेंडू रिकाम्या जागी येणार हे ओळखून ते आपली जागा सोडून रिकाम्या बाजूला धावले. काकांनी चेंडू हळूच साहेबांच्या जागेवर नेऊन ठेवला. तिथं आता कोणी नव्हतं, साहेबांचा जोडीदार पोरगा नेटपाशी होता. चेंडूनं दोन टप्पे घेतले.

काका नेटकडे धावले. टोपी पडली.

"साहेब, गलती झाली. मला वाटलं, आपण जागेवरच असाल."

साहेब नेटपाशी आले. मग टोपी उचलून त्यांच्या हातात दिली. "किती झाले?" त्यांनी पंचाला विचारलं.

"सहा-चार."

पुसदला ढालीची मिरवणूक निघाली. काका तिच्यात नव्हते. ते नेट गुंडाळून ठेवायला कचेरीत गेले होते. दोन महिने ते घरी कमी आणि टपालाच्या वाटेवर जास्त असत. मग हुकूम आला. अव्वल कारकून म्हणून बढती, नेमणूक यवतमाळला, डेप्युटी साहेबांच्याच कचेरीत. साहेब रोज संध्याकाळी साडेपाचला खेळतात, एवढं हुकुमात लिहिलेलं नव्हतं.

बसच्या टपावर वळकटी चढली. रॅकेट त्यांनी हातातच ठेवली. "कोर्टाले पाणी मारत जा," ते आम्हाला म्हणाले. "अन् जिथं कोणी नाही तिथं मारत जा. मी चाललो साहेब आहे तिथं."

सात-आठ वर्षांनी मी बातमीदार म्हणून यवतमाळला गेलो. काका निवृत्त झाले होते, पण संध्याकाळी कोर्टावर सापडले. टोपी तीच होती. तो शेवटचा चेंडू सवयीनं गेला होता की मुद्दाम मारला होता, असं मी त्यांना सरळ विचारलं.

"छापणार आहेस?"

मी नाही म्हणालो.

"मंग कायले विचारून राह्यला? घे ते रॅकेट. एक सेट खेळू."

आम्ही खेळलो. मला फारसं पळावं लागलं नाही. मी जिंकलो. सहा-चार.