बोट धरलेले शब्द

ऑफिसच्या खिडकीतून एक बाई दिसली. बोट धरलेलं पोर ओढेल तिकडे ती वळत होती. इंग्रजी क्रियापदांचंही असंच. ‘लुक’ला ‘आफ्टर’ने ओढलं की सांभाळणं, ‘इंटू’ने ओढलं की तपास करणं. शब्दांची ही बारकी पोरं मला कॉलेजात फार छळायची. घरात विचारायला इंग्रजी येणारं कुणी नव्हतं. नोकरीतही माझं इंग्रजी ऐकून गिऱ्हाईक म्हणायचं, “फोन साहेबांना द्या.”

आज फोनवर एकजण भडकला. “आय विल लुक इंटू इट, सर.” मनात मराठी न जुळवताच तोंडातून गेलं. तो निवला, “थँक्यू, मॅडम” म्हणाला.

डबा घेऊन आलेल्या बाबांनी विचारलं, “काय म्हणालीस गं?”

“बघते म्हणाले.”

“मग जरा मोठ्यानं म्हण की! बाहेर बसलेल्यांना पण कळू दे, पोरगी कुणाची ते.”