दोर ओढणारीचा खांदा

माझा उजवा खांदा कधीच दुखला नाही. घरात एवढी वर्षं सगळ्यांना वेगळंच माहीत होतं. अजून निम्म्या घराला तेच माहीत आहे.

आमच्या ओसरीतच आमचा कारखाना. रंधा मारायचं टेबल, भिंतीला टांगलेल्या करवती आणि कोपऱ्यात जमिनीलगत बसवलेला जुना खराद. माझे मालक दारं-खिडक्या करतात. खराद सासऱ्यांचा. त्यांना मी मामा म्हणते. लाटणी, रव्या, पाळण्याचे खांब, पलंगाचे पाय, जे जे गोल ते मामांचं.

त्या खरादाला मोटर नव्हती. दोन टोकांत लाकूड अडकवायचं, त्याला दोराचे दोन वेढे द्यायचे आणि एकानं समोर बसून दोराची टोकं आळीपाळीनं ओढायची. लाकूड मामांच्या अंगाला फिरलं की ते पटाशी टेकवायचे, उलटं फिरलं की उचलायचे. आधी सासूबाई ओढायच्या. त्या गेल्यावर दोर माझ्या हातात आला. पाचोडला माहेरी बैलगाड्यांचं काम होतं, खराद मी पाहिलाही नव्हता. पण महिनाभरात हात बसला. पुढं चौदा वर्षं ओढला.

काम मला आवडायचं. फक्त ओसरी रस्त्याकडं उघडी होती. गिऱ्हाईक समोरच्या बाकड्यावर बसून बघत राहायचं. दोन्ही हात दोरात गुंतलेले, पदर सरकला तर सावरता येत नाही. मी लहानपणापासून भिडस्त. चौथीत गुरुजींनी नाव घेतलं तरी माझ्या तोंडून आवाज फुटायचा नाही. चार माणसं समोर असली की मी खाली मान घालून लाकडाचा भुसा बघत बसायची.

एकदा दोन माणसं पलंगाच्या पायांसाठी आली. त्यातल्या एकानं मोबाईल काढला आणि म्हणाला, जुनी कला आहे काकू, जरा इकडं बघा. मी बघितलं नाही, तरी त्यानं सगळं टिपलं. आठ दिवसांनी नळावर शेजारीण हसत म्हणाली, "मोबाईलमधी दिसतीस की गं, दोर वढताना." तिनं काही वाईट म्हटलं नव्हतं. पण हंडा अर्धाच भरून मी घरी आले आणि संध्याकाळी मालकांना सांगितलं, माझा खांदा दुखतो.

लाज वाटते, असं म्हणायला पाहिजे होतं. ते तोंडातून येईना. खांदा पटकन आला.

मालकांना मोटरचा खराद घ्यायचा होताच. दोन वर्षं ते मामांच्या मागं लागले होते आणि मामा नाही म्हणत होते. त्यांचं म्हणणं असं की, दोराला माणूस कळतो, मोटरला कळत नाही. खांद्याचं ऐकल्यावर मात्र त्यांनी हातातली लाटण्याची लाकडं खाली ठेवली आणि म्हणाले, "आणा मशीन. पोरीचा हात निकामी करून काय लाटणी करायची?" तेवढ्यावर न थांबता त्यांनी स्वतः मोहरीच्या तेलात लसूण कढवून बाटली भरून दिली. मी पंधरा दिवस चांगल्या खांद्याला ते तेल चोळलं. सगळ्या घराला लसणाचा वास यायचा.

आता जे लिहिते ते त्याहून वाईट आहे. मामांचा हात थरथरायला लागला होता, आणि ते मला माहीत होतं. पटाशी थरथरली की दोराला बारीक कंप यायचा. तो आला की मी ओढ हळू करायची, हात स्थिर झाला की पुन्हा वाढवायची. दोन-तीन वर्षं असंच चाललं होतं. मालकांना पत्ता नव्हता. मामांनाही कळत नसावं, असं मी धरून चालले होते. म्हणजे मोटर आल्यावर काय होणार, हे घरात मला एकटीला ठाऊक होतं. तरी मी गप्प राहिले.

मशीन टेम्पोतून आलं. हिरवं, लोखंडी, चकचकीत. हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. पहिलं लाटणं मामांनीच लावलं. पटाशी टेकवली तशी ती अडकली आणि लाकूड उडून भिंतीवर आदळलं. दुसऱ्याचंही तेच झालं. तिसऱ्याला मालकांनी वेग कमी करून दिला, तरी लाटण्याला खोल खाच पडली. मोटर थांबून वाट बघत नाही. मालकांनी वडिलांचा मान राखूनच सांगितलं की, बाबा, तुम्ही पॉलिशचं बघा, हे मी करतो. मामा पॉलिश पेपर घेऊन बाकड्यावर जाऊन बसले, गिऱ्हाईक बसायचं तिथं.

दोर मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला बांधला. चांगला सुती दोर, वाया कशाला घालवायचा. रोज सकाळी मामा त्याच्याखालून वाकून मोरीकडं जायचे आणि विचारायचे, "खांदा कसा हाय?"

"बरा हाय, मामा."

दीड वर्ष रोज.

मग आमच्या लेकीला दिवस गेले. आमच्या घरात पहिल्या लेकराचा पांगुळगाडा घरातल्या सगळ्यात थोरल्या हातानं करायचा असतो. मालकांचा मामांच्या वडिलांनी केला, लेकीचा मामांनी. मामांनी पलंगाखालून शिसमाचा एक तुकडा काढला. तीन चाकांपुरता होता. किती वर्षं राखून ठेवला होता कोण जाणे.

एके दिवशी मालक दार बसवायला क्रांती चौकाकडं गेले होते. मी भाकरी थापत होते. ओसरीत मोटर सुरू झाली आणि बंद पडली. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. लाकडाला पटाशी लागल्याचा आवाज काही येईना. मी पिठाच्या हातानंच बाहेर गेले. मामा बटणावर हात ठेवून उभे होते. शिसमाला ओरखडाही नव्हता.

"चांगला तुकडा हाय," ते म्हणाले. "नासायचा."

मी मागं गेले, दोरावरचे ओले कपडे काढून बादलीत टाकले, दोर सोडला आणि तो त्यांच्यापुढं आणून ठेवला. मान वर झाली नाही, पण बोलले.

"मामा, माझा खांदा दुखत नव्हता. कधीच नाय दुखला."

त्यांनी दोराचं टोक उचलून बोटांत फिरवलं. "ठावं हाय."

दोर चाचपत तेच पुढं म्हणाले.

"दुखऱ्या खांद्याचा दोर एका अंगानं ढिला पडतो. तुझा कधी पडला नाय. गिऱ्हाईक बसलं की मातर आखडायचा. मी म्हणायचो, पोरगी हितं लाजंनं मरायली."

"मग मशीनला व्हय कशाला म्हणले तुमी?"

"तू माझा हात झाकलास तीन वर्षं. मी तुझं एवढंबी झाकू नये व्हय?"

रडायला आलं, पण पिठाचे हात डोळ्यांना लावता येईनात.

जुना खराद फळ्यांखाली गाडला गेला होता. आम्ही दोघांनी फळ्या काढल्या. भर दुपार होती, ओसरी उघडी होती, समोरच्या दुकानातले दोघं उठून बघायला आले. मी बसले आणि ओढायला लागले. पहिलं चाक छान झालं. दुसऱ्याला मी ओढ फार हळू केली, तरी ते पहिल्याहून सुतभर लहान उतरलं. तिसऱ्याला मी दोर जवळजवळ थांबवला, पण हात काही स्थिर होईना. दीड वर्ष नुसता पॉलिश पेपर धरलेला हात होता तो. मामांनी आपणहून पटाशी खाली ठेवली. "झालं एवढंच," म्हणाले.

तिसरं चाक मालकांनी मशीनवर केलं. बघता बघता झालं, आणि तिन्हींत तेच सगळ्यात गुळगुळीत आहे. खांद्याचं मी मालकांना अजून सांगितलेलं नाही. मामांनीही सांगितलं नाही.

एक गोष्ट मला परवा, ओसरी झाडताना सुचली. लाज वाटते, एवढं मी म्हटलं असतं, तर मालकांनी ओसरीला पडदा लावून दिला असता. दोन खिळे आणि एक जुनं लुगडं. मी आत बसून दोर ओढला असता आणि मामांचा हात अजून कामात असता. एवढी साधी गोष्ट.

नातू आता सव्वा वर्षाचा आहे. लेक आली की पांगुळगाडाही येतो. गाडा सरळ चालत नाही, दर खेपेला डावीकडं भिंतीला जाऊन लागतो. लेक म्हणते, बाबा मशीनवर तिन्ही चाकं सारखी करून देतील. मामा नुसतं हसतात. खांद्याचं ते आता विचारत नाहीत.

नातू त्यांच्याकडं निघतो आणि गाडा भिंतीकडं वळतो. मी उठून तो सरळ करते. मामा म्हणतात, बस गं, येईल तो वळून. मी दर वेळी उठते.