गणिताच्या तासाला आलेल्या आया

हातातला कप आधी खाली ठेवा. मागून ठसका लागला तर मी जबाबदार नाही! माझी फजिती ज्या गावात झाली, त्याचं नाव मात्र सांगणार नाही. येरमाळ्याच्या जवळपास आहे, एवढं पुरे. सासूबाईंचं माहेर आहे हो ते. परत तोंड दाखवायचंय मला तिथं.

तर मी बी.एड. करते, विषय गणित. लग्न अगदी नवं, हातातला हिरवा चुडासुद्धा अजून तसाच. आम्हा होणाऱ्या शिक्षकांना कॉलेजनं एक काम लावलंय. खेड्यातल्या शाळेत जायचं, पोरांना गणितात मदत करायची आणि ती करता करता आपणही शिकायचं. त्यात आमच्या मॅडमची अट अशी, "पोरांच्या आया वर्गात आल्या पाहिजेत. गणित घरापर्यंत गेलं नाही, तर तुमचं काम मी धरणार नाही. पुढच्या वर्षी पुन्हा करा."

पुढच्या वर्षी! म्हणजे माझं बाई होणंही पुढच्या वर्षी.

आणि मी पडले अबोल. पहिल्यांदा निरोप धाडला, कुणी फिरकलं नाही. दुसऱ्यांदा एक आली, तीही लेकाचा विसरलेला डबा द्यायला. मी "बसा ना" म्हणेपर्यंत ती फाटकाबाहेर!

राहिला शेवटचा पाठ, तोही मॅडमसमोर. विषय : आकार आणि मापं. म्हटलं, फळ्यावर गोल-चौकोन काढणं पुरे झालं, घरातल्याच वस्तू आणायला लावू. पाचवीच्या पोरांना सांगितलं, "उद्या आईला घेऊन यायचं. सोबत नारळ, तो आपला गोल. बांगड्या, ते वर्तुळ. खण, तो आयत. आणि मापायला ओंजळभर गहू."

"बाई, आईला काय सांगू?"

"सांग, बाईंनी बोलावलंय. हे सगळं घेऊन याच म्हणावं."

हसलात ना? तुम्हाला कळलं! मला कुठं कळलं? गणितवाल्या माणसाला नारळात त्रिज्या दिसते, त्याला मी काय करू?

दुसऱ्या दिवशी बघते तर काय, फाटकातून बायकांची रांग! ठेवणीतल्या साड्या, डोक्यावर पदर, हातात झाकलेली ताटं. ज्यांची पोरं शाळा सोडून कधीच गेली त्यासुद्धा. काठी टेकत दोन आज्या! माझ्या छातीत हलगी वाजायला लागली. गणितासाठी! एवढ्या बायका, आणि गणितासाठी!

मॅडम मागच्या बाकावरून उठल्याच. "अगं, केलंस तरी काय तू?"

"काही नाही मॅडम, रोजच्या जगण्याशी सांगड घातली," मी विनयानं म्हणाले. हो, विनयानं!

पाठ सुरू केला. नारळ उंच धरला. "हा आकार बघून काय वाटतं?"

"पोरगा वाटतो!" मागून एक आजी ओरडली. सगळ्या खिदळल्या. मला वाटलं, वर्ग खुलला.

तेवढ्यात मामींनी, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या मामींनी, मास्तरांची खुर्ची ओढून तीवर सतरंजीची घडी टाकली. "बस सूनबाई. अशात लई उभं ऱ्हाऊ न्हाय."

शिक्षकाबद्दल काय हा आदर! मी बसले.

आणि दारात सासूबाई! माहेरचा निरोप मिळताच जीपनं आल्या होत्या, श्वास फुललेला. "घरात मला न्हाय सांगितलं, अन् शाळेला सांगितलं व्हय?"

"काय सांगायचं, आई?"

"वन्सं, चिडू नका," मामी मध्ये पडल्या. "लाजाळू हाय पोरगी. तोंडानं बोलवंना, म्हणून लेकरांजवळ निरोप धाडला. परवा पोरींसंगं चिंचा खाताना म्या बघितली, तवाच वळखलं. म्हणलं, चोरचोळी करून टाकू."

पहिलटकरणीची तिसऱ्या महिन्यात गुपचूप ओटी भरतात, ती चोरचोळी. अख्ख्या गावाला बोलावून केलेली ही पहिलीच असावी!

आत्ता कुठं माझ्या डोक्यात बेरीज झाली. नारळ. खण. बांगड्या. गहू. आणि नवी नवरी.

सासूबाईंचा राग उतरून डोळ्यांत पाणी आलं होतं. गप्प बसले तर पाठ पार पडत होता. बोलले तर बायका उठणार, आणि मॅडमची अट तर समोरच बसलेली. पण त्या डोळ्यांपुढं खोटं कसं बसू?

"आई, तसलं काही नाही हो. हे... हे गणित आहे."



"म्हंजे काहीच न्हाय?" मामी.

"काहीच नाही."

"जरासुदिक न्हाय?"

आता जरासं कसं असेल, मामी!

बायका ताटं उचलून उठायला लागल्या. माझं वर्ष डोळ्यांदेखत दाराकडं चाललं होतं. तशा सासूबाई पदरानं डोळे पुसून कडाडल्या, "बसा गं खाली! ओटीचं ताट घेऊन निघालेली बाई ते भरलेलं माघारी नेती व्हय? आज न्हाय तर पुढं कामाला यील. भरा! अन् ती गणिताचं काय सांगती ते बी ऐका. एसटीचे धक्के खात शिकायला जाती पोरगी माझी."

मग काय रंगला पाठ! दोऱ्यानं बांगड्यांचा परीघ मोजला, वितीनं खण मापले. गव्हावर तर भांडणच.

"माझी ओंजळ मोठी!"

"मोठी कशाची? बोटाबोटांतनं गहू गळतोय की तुज्या!"

शेवटी मॅडमनी विचारलं, "आज काय शिकलात?"

मामी उभ्या राहिल्या. "नारळ, खण, बांगड्या, गहू, समदं जुळलं तरी उत्तर चुकतं."

मॅडम बाकावर डोकं टेकून हसल्या. काम धरलं! वर स्वतःही ओटी भरली.

संध्याकाळी सासूबाई माहेरीच राहिल्या. मी एकटी, पदरात ती भली थोरली ओटी, एसटी खचाखच. कंडक्टर खेकसला, "ओ पाव्हणं, उठा की! ताईची ओटी दिसंना व्हय? बसा ताई, अशा दिवसांत उभं ऱ्हाऊ नये."

सकाळी अख्ख्या गावासमोर खरं बोलले होते मी. आताही तोंड उघडलं होतंच. पण पाय काय दुखत होते म्हणून सांगू!

मी पदर सावरला, एक हात हळूच पोटावर ठेवला आणि बसले.